बेताच्या पैशांत चांगली गिटार कशी निवडावी

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या पालकांच्या व गायनमंडळाच्या सभेंत धर्मगुरूंनीं दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या व्याख्यानमालेंत धर्मगुरूनें गिटार विकत घेण्याविषयीं बोलावें, याचें आपणांपैकीं कांहींना नवल वाटलें असेल. परंतु गेल्या वर्षभरांत जो प्रश्न सर्वांत अधिक वेळां माझ्या दारीं आला, तो हाच आहे. "फादर, मुलाला गिटार शिकावयाची आहे, थोडे पैसे बाजूला ठेविले आहेत, कोणती घ्यावी?" असें विचारणाऱ्या आईबापांना दारांत उभें राहून दोन वाक्यांत उत्तर देतां येत नाहीं. म्हणून तें आज सर्वांसमोर, कांहींसें सविस्तर द्यावें असें मीं ठरविलें.

प्रश्न किरकोळ नाहीं. ज्या घरांत महिन्याचा हिशेब पै-पै करून जुळवावा लागतो, त्या घरानें एका वाद्यासाठीं दहा-पंधरा हजार रुपये काढणें म्हणजे दुसरी कांहीं तरी गरज पुढें ढकलणें होय. असे पैसे वायां जाऊं नयेत, एवढाच माझा हेतु आहे. बेताचे पैसे म्हणजे मी येथें सुमारे आठ हजारांपासून वीस हजार रुपयांपर्यंतची रक्कम धरतों. याहून ज्यांच्यापाशीं अधिक आहे, त्यांना सल्ला देणारे पुष्कळ भेटतील.

गिटार आणि धर्मगुरू यांचें नातें तसें नवें नाहीं. ऑस्ट्रिया देशांत साल्झबुर्ग शहराजवळ ओबर्नडोर्फ नांवाचें गांव आहे. तेथील संत निकोलसच्या देवळांत २४ डिसेंबर १८१८ रोजीं एक नवें नाताळगीत प्रथम गाइलें गेलें. शब्द योझेफ मोर या तरुण साहाय्यक धर्मगुरूचे, चाल फ्रान्त्स ग्रूबर या शाळामास्तराची, आणि साथीला खुद्द मोर यांच्या हातांत गिटार. 'सायलेंट नाइट' या नांवानें तें गीत आज जगभर परिचित आहे, आणि मोर यांची ती गिटार हालाइन येथील संग्रहालयांत अद्याप जपून ठेविलेली आहे. पुढें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ४ डिसेंबर १९६३ रोजीं उपासनेविषयीं जो संविधानलेख प्रसिद्ध केला, त्यांत पाइप ऑर्गनचा मान कायम ठेवून, देवळाच्या पावित्र्याला शोभतील अशा इतर वाद्यांनाही वाट मोकळी करून दिली. आपल्या देवळांत आज जी गिटार वाजते, ती त्याच वाटेनें आली आहे.

आतां मूळ मुद्द्याकडे वळतों. मीं आजवर ज्या ज्या धर्मग्रामांत सेवा केली, तेथें तेथें एक गोष्ट पुनःपुन्हां पाहिली आहे. मूल हौसेनें गिटार मागतें. शिकेल कीं नाहीं याची खात्री नाहीं, म्हणून बाप बाजारांतली सर्वांत स्वस्त, चकचकीत रंगाची गिटार दोन-तीन हजारांत आणतो. तिच्या तारा पडद्यांपासून इतक्या उंच असतात कीं दाबतां दाबतां मुलाच्या बोटांना वळ पडतात. खालीं सूर लावावा तर वर बेसूर होतो, आणि खुंट्या सैल असल्यामुळें दुसरें गाणें सुरूं होईपर्यंत तोही उतरतो. मूल दोन-तीन महिने झटतें, आणि मग गिटार कपाटावर चढते. यांत बापाचे पैसे गेले हें तर खरेंच. पण त्याहून मोठें नुकसान निराळेंच आहे. वाद्याचा दोष मूल आपल्या माथीं घेतें. "मला सूर नाहीं" असें तें म्हणूं लागतें, आणि घरचीं माणसेंही तें खरें मानतात. सुराविषयीं लहानपणीं मनांत बसलेली अशी समजूत पुढें सहसा निघत नाहीं. शिकणाऱ्याला मोठ्या उस्तादापेक्षांही चांगल्या वाद्याची गरज अधिक असते. कारण उस्ताद वाईट वाद्याला सांभाळून घेतो, शिकणाऱ्याला तें जमत नाहीं.

तथापि, चांगलें वाद्य म्हणजे महागडें वाद्य नव्हे. बेताच्या पैशांत घेणाऱ्यानें एकच नियम मनाशीं बाळगावा: जें बोटांना आणि कानांना भेटतें त्यावर पहिला पैसा, आणि जें केवळ डोळ्यांना भेटतें त्यावर शेवटचा. हा नियम माझा मीं बसविलेला नाहीं. त्याला दोन भक्कम दाखले आहेत.

पहिला दाखला स्पेनमधील आहे. अंतोनियो दे तोरेस हा अल्मेरिया प्रांतांत १८१७ सालीं जन्मलेला कारागीर. आजच्या नायलॉन तारांच्या गिटारीचा आकार व घडण बहुतांशीं त्यानेंच कायम केली. गिटारीचा आवाज मुख्यत्वें पुढच्या फळीवर, म्हणजे ज्या फळीला मधोमध भोंक असतें तिच्यावर, अवलंबून असतो असें त्याचें मत होतें. तें सिद्ध करण्यासाठीं त्यानें १८६२ सालीं एक अशी गिटार बनविली कीं तिची पुढची फळी उत्तम लाकडाची, पण पाठ आणि कडा चक्क कागदाच्या पुठ्ठ्याच्या. ती गिटार बार्सिलोना येथील संगीत-संग्रहालयांत आहे.

दुसरा दाखला अलीकडचा, २०१८ सालचा, इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांचा. त्यांनीं एकाच कारागिराकडून सहा गिटारी बनवून घेतल्या. सर्व बाबतींत सारख्या. फक्त पाठीचें व कडांचें लाकूड निरनिराळें, कांहीं अति महाग, कांहीं स्वस्त. ५२ वादकांना अंधुक उजेडांत, डोळ्यांवर काळे चष्मे चढवून त्या वाजवावयास दिल्या. महाग लाकडाची गिटार अधिक चांगली, असा कौल त्या वादकांकडून निघाला नाहीं. सहाही गिटारींना जवळजवळ सारखेच गुण मिळाले.

हें आपण विशेष ध्यानांत ठेवावें, कारण ज्या लाकडाचें नांव सांगून दुकानदार किंमत चढवितो, तें बहुधा आपल्याच ओळखीचें असतें. आपल्या जुन्या घरांतील कपाटें आणि पलंग ज्या शिसवाचे आहेत, तेंच सह्याद्रीच्या रानांत वाढणारें शिसव जगभरचे कारागीर गिटारीच्या पाठीसाठीं वापरीत आले आहेत. लाकूड सुरेख आहे यांत शंका नाहीं. पण बेताच्या किंमतीच्या गिटारीवर जें शिसव दिसतें, तें पुष्कळदां थरांच्या फळीवर चिकटविलेला पातळ पापुद्रा असतो. तेवढ्यासाठीं दोन-तीन हजार अधिक मोजण्याचें कारण नाहीं.

गिटारीची जात ही पुढची बाब. बिनविजेच्या गिटारी मुख्यतः दोन प्रकारच्या: एक नायलॉनच्या तारांची, जिला क्लासिकल म्हणतात, आणि दुसरी पोलादी तारांची. नायलॉनच्या तारा बोटांना मऊ. त्यांचा ताण सहा तारा मिळून सुमारे ४० किलो. पोलादी तारांचा ताण ७० किलोंच्या वर जातो, म्हणून त्या बोटांना प्रथम टोचतात. पण आवाज अधिक खणखणीत. क्लासिकल गिटारीची दांडी वरच्या टोकाशीं सुमारे ५२ मिलिमीटर रुंद, तर पोलादी तारांची सुमारे ४३ मिलिमीटर. लहान हाताला रुंद दांडीवर बोटें पसरावीं लागतात. उलट जाड बोटांना अरुंद दांडीवर दाटी होते. देवळांत दहा-वीस गळ्यांना साथ द्यावयाची असेल तर पोलादी तारांची घ्यावी. एकेक सूर छेडून वाजविण्याची आवड असेल, किंवा मुलाचीं बोटें फार कोवळीं असतील, तर नायलॉनची. मात्र एक गोष्ट कदापि करूं नये: नायलॉनच्या गिटारीवर पोलादी तारा चढवूं नयेत. ती तेवढ्या ताणासाठीं घडविलेली नसते. तिची घोडी उखडते किंवा फळी खचते.

आकाराविषयींही दोन शब्द. दुकानांत सर्वांत अधिक दिसणारी रुंद अंगाची गिटार ड्रेडनॉट या नांवाची आहे. सॅक्सनी प्रांतांतून १८३३ सालीं अमेरिकेस गेलेल्या मार्टिन नांवाच्या कारागिरानें काढलेला कारखाना पेनसिल्व्हानियांतील नाझरेथ या गांवीं आहे. होय, गांवाचें नांव नाझरेथच. या कारखान्यानें १९१६ सालीं एका दुकानासाठीं हा मोठा आकार प्रथम बनविला, आणि १९०६ सालच्या प्रचंड ब्रिटिश युद्धनौकेचें नांव त्याला दिलें. नांवाप्रमाणेंच ती दणदणीत वाजते. पण दहा-बारा वर्षांच्या मुलाची बगल तिच्यावरून पुरत नाहीं, आणि खांदा उचलून वाजवितां वाजवितां मूल थकतें. अशा मुलाला, तसेंच लहान चणीच्या मोठ्या माणसाला, कमरेशीं बारीक असलेली लहान अंगाची गिटार घ्यावी. आणखी लहान मुलाला तीन-चतुर्थांश आकाराची. "वाढत्या अंगाचा झगा" हा हिशेब येथें लागू पडत नाहीं. जें वाद्य आज मांडीवर नीट बसत नाहीं, तें आज वाजणारही नाहीं.

आतां पुढच्या फळीविषयीं, कारण किंमतीचा खरा फरक तेथें पडतो. ही फळी एक तर सलग लाकडाची असते, बहुधा स्प्रूस किंवा सीडर यांची, नाहीं तर प्लायवूडप्रमाणें पातळ थर चिकटवून केलेली. सलग फळी मोकळेपणीं कांपते. म्हणून तिचा आवाज भरदार येतो. थरांची फळी कांहींशी दबलेली वाजते, पण हवापाण्यांतील फेरफार अधिक सोसते. ओळखण्याची खूण सोपी आहे: भोंकाच्या कडेला पाहावें. लाकडाच्या उभ्या रेषा फळीच्या जाडींतूनही तशाच सरळ उतरल्या असतील तर फळी सलग. कडेला थर दिसले तर थरांची. उदाहरणादाखल, शिफारस म्हणून नव्हे, सांगतों: यामाहा कंपनीची एफ २८० ही गिटार थरांच्या फळीची, तर एफजी ८०० ही सलग स्प्रूसच्या फळीची. नांवें निरनिराळीं असलीं तरी इतर कंपन्यांच्याही अशाच पायऱ्या आहेत. माझा सल्ला असा: पैसे दहा हजारांच्या आंतबाहेर असतील तर सलग फळीचा मोह धरूं नये, तेवढ्या किंमतींत नीट घडविलेली थरांची गिटार घ्यावी. पैसे वीस हजारांच्या जवळ असतील, आणि घरांत वाद्याची निगा राखणारें कोणी असेल, तरच सलग फळीची पाहावी. आपण समुद्रकांठचीं माणसें. चार महिने आपल्या घरांच्या भिंतींनासुद्धां पाझर फुटतो. निगा न राखलेल्या सलग फळीपेक्षां थरांची फळी आपल्याकडे अधिक टिकते.

गिटार पसंत करणें ही डोळे, बोटें आणि कान या तिघांनीं मिळून करावयाची परीक्षा आहे. ती दुकानांतच, आणि पुढें सांगितलेल्या क्रमानें करावी. नवख्यानें वाजवितां येणाऱ्या एकाला बरोबर न्यावें. कोणी नसेल तरीही यांतील बहुतेक गोष्टी कोणालाही करतां येण्यासारख्या आहेत.

प्रथम दांडी पाहावी. सुतार फळीचा वाक पाहण्यासाठीं ती एका डोळ्यासमोर धरतो, तशी गिटार धरून दांडीच्या कडेवरून नजर लांबवावी. दांडी पिळवटलेली, म्हणजे एक कड वर आणि एक खालीं, अशी दिसली तर ती गिटार तेथेंच ठेवावी. हा दोष सहजासहजीं निघत नाहीं. नंतर एक तार पहिल्या आणि चौदाव्या पडद्यावर एकाच वेळीं दाबावी. पडदे म्हणजे ज्यांना वादक फ्रेट म्हणतात त्या धातूच्या पट्ट्या. सातव्या पडद्यापाशीं तार आणि पडदा यांमध्यें पोस्टकार्ड जाईल एवढी फट असावी. फट मुळींच नसेल किंवा फार असेल, तर दांडीच्या आंतील लोखंडी सळई फिरवून ती बहुधा ठीक करतां येते. पोलादी तारांच्या गिटारीला ही सळई आहे ना, तें विचारून घ्यावें.

दुसरी गोष्ट तारांची उंची. हिचें माप घेण्याचें साधन प्रत्येकाच्या खिशांत आहे. बँकेचें सपाट कार्ड पाऊण मिलिमीटरहून किंचित् जाड असतें. तीन कार्डें एकावर एक ठेविलीं कीं सुमारे २.३ मिलिमीटर होतात. पोलादी तारांच्या गिटारीवर बाराव्या पडद्याचा माथा आणि सर्वांत जाड तार यांच्यामध्यें तीन कार्डें जेमतेम बसावींत. सर्वांत बारीक तारेखालीं त्याहून थोडी कमी जागा असावी. चार कार्डें सैलपणें आंत जात असतील, तर ती गिटार शिकणाऱ्याच्या बोटांना छळणार हें निश्चित. नायलॉनच्या तारा अधिक झुलतात, म्हणून त्यांना जाड तारेखालीं पांच कार्डांएवढी जागा चालते.

तारा उंच असल्या म्हणजे गिटार वाईटच असें मात्र नाहीं. घोडीवर जी पांढरी पट्टी उभी असते, ती खालून घांसली कीं तारा खालीं येतात. हिशेब असा, कीं बाराव्या पडद्यावर तार एक मिलिमीटर उतरवावयाची तर पट्टी दोन मिलिमीटर घांसावी लागते, कारण बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो. म्हणून पट्टी घोडीच्या वर पुरेशी दिसते कीं नाहीं तें पाहावें. ती आधींच घोडीशीं जवळजवळ सपाट झालेली असून तारा तरीही उंच असतील, तर तेथें उतरवावयास कांहीं उरलेलें नसतें. अशी गिटार घेऊं नये.

तिसरी गोष्ट दांडीच्या वरच्या टोकाची खांचांची पट्टी, जिला नट म्हणतात. तार तिसऱ्या पडद्यावर दाबून पहिल्या पडद्यापाशीं पाहावें. तेथें केसाएवढीच फट हवी. ती मोठी असेल तर खांचा उथळ आहेत असें समजावें. नवे शिकणारे एफ कॉर्ड वाजत नाहीं म्हणून रडकुंडीस येतात. त्यांच्या दुःखाचें मूळ पुष्कळदां बोटांत नसून या पट्टींत असतें. चांगला कारागीर खांचा कानशीनें अर्ध्या तासांत ठीक करून देतो.

चौथी गोष्ट, प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर एकदां वाजवून पाहावी. सहा तारा आणि वीस पडदे, म्हणजे १२० सूर. पांच मिनिटांचें काम. कोठें तार खरखरली, किंवा सूर उमटतां उमटतां मेला, तर तेथें पडदा वर-खालीं बसलेला आहे. दांडीच्या दोन्ही कडांवरून तळवाही फिरवावा. पडद्यांचीं टोकें बोचत असतील तर घडणींत निष्काळजीपणा झाला आहे.

पांचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती कानांची. बाराव्या पडद्याच्या नेमकें वर तारेला बोट नुसतें टेकवावें, छेडावें आणि बोट उचलावें. घंटेसारखा एक सूर निघतो. आतां त्याच पडद्यावर तार दाबून वाजवावी. हे दोन सूर एकच असले पाहिजेत. दाबलेला सूर चढा किंवा उतरता येत असेल, तर गिटारीची मापें चुकलीं आहेत, किंवा तारा तरी जुन्या झाल्या आहेत. नव्या तारा घालूनही फरक राहिला, तर ती गिटार कितीही सुंदर असली तरी परत करावी. कारण तिच्यावर शिकणाऱ्याचा कानच बिघडतो. ज्यांना सुराची पारख नाहीं त्यांनीं मोबाइलवरील सूर लावण्याचें साधन समोर ठेवावें. त्याची सुई पक्षपात करीत नाहीं.

सहावी गोष्ट घोडीची. घोडीच्या मागच्या कडेखालीं कागदाचें टोक सरकवून पाहावें. तें आंत गेलें तर घोडी उचकटूं लागली आहे. घोडीमागें फळी किंचित् फुगलेली असणें स्वाभाविक आहे. पण ती फार फुगलेली आणि पुढें भोंकाकडे खचलेली असेल, तर दूर राहावें. पाठीवर व फळीवर बोटांनीं हलकेच ठोकावें. आंत कांहीं खडखडलें तर एखादी आडवी पट्टी सुटलेली आहे. शेवटीं खुंट्या फिरवाव्या. त्या सावकाश, अडखळल्याशिवाय फिराव्या, आणि मध्येंच पोकळ लागूं नयेत.

इतकी परीक्षा झाल्यावर ज्या दोन गिटारी उरतील, त्या दुसऱ्याला वाजवावयास सांगून आपण समोर पांच-सात पावलांवर पाठ फिरवून उभें राहावें. दोन्हींवर एकच गाणें वाजवावें. गिटारीचा आवाज पुढें फेकला जातो; वाजविणाऱ्यापेक्षां तो समोरच्याला अधिक खरा ऐकूं येतो. जी अधिक आवडेल ती आपली. रंग मग पाहावा.

यावरून ध्यानांत येईल, कीं गिटार न पाहतां घरपोच मागविणें मला फारसें का रुचत नाहीं. एकाच कंपनीच्या, एकाच क्रमांकाच्या दोन गिटारींतही घडणीचा फरक पडतो. मुंबईंत धोबी तलावाच्या बाजूला वाद्यांचीं दुकानें आहेत. एक दिवस मोडून, गाडीचें भाडें खर्चून तेथें जावें. घरपोच मागविणें भागच असेल, तर परत घेण्याची अट आधीं वाचावी, आणि पेटी उघडल्या दिवशींच वरील सर्व परीक्षा करून पाहावी.

पैशांची वांटणी कशी करावी? हातांतील सर्व रक्कम वाद्यावरच खर्चूं नये. शंभर रुपयांतील ऐंशी गिटारीला द्यावे. दहा तिची उंची, खांचा व दांडी कारागिराकडून नीट बसवून घेण्यासाठीं ठेवावे. उरलेल्या दहांत जाड पिशवी, तारांचा एक जादा संच आणि कॅपो घ्यावा. गाणें ज्या पट्टींत गळ्याला झेपतें त्या पट्टींत साथ करावयास कॅपो फार उपयोगी पडतो. कारागिराला दिलेले हे दहा रुपये वांचवूं नका. बारा हजारांची नीट बसविलेली गिटार वीस हजारांच्या न बसविलेल्या गिटारीहून हाताला सुखकर लागते. तसेंच, विजेच्या जोडणीची गिटार प्रथम घेऊं नये. तेवढ्याच किंमतींत ती जोडणी बसवावयाची म्हणजे लाकडांत आणि घडणींत कोठें तरी काटछाट होणारच. देवळांत गिटारीसमोर एक ध्वनिक्षेपक ठेविला कीं काम भागतें.

वापरलेली गिटार घेण्यांत कमीपणा मानूं नये. वरील परीक्षेंत ती उतरली, तर नव्याच्या किंमतींत एक पायरी वरचें वाद्य मिळूं शकतें. ओरखडे आणि उडालेला रंग यांना घाबरूं नये. ते डोळ्यांचे दोष आहेत. पिळवटलेली दांडी, उखडलेली घोडी आणि खचलेली फळी यांना घाबरावें. उंच तारा, उथळ खांचा आणि गंजलेल्या तारा हे दोष दुरुस्त होणारे आहेत. उलट त्यांवर बोट ठेवून भाव उतरवितां येतो.

घरीं आणलेल्या वाद्याची निगा हाही खरेदीचाच भाग आहे. गिटारीला निम्मी दमट हवा, म्हणजे शेंकडा ४५ ते ५५, सर्वांत मानवते. आपल्याकडे पावसाळ्यांत ती ८०-९० च्या घरांत जाते. लाकूड पाणी पितें, फळी फुगते, तारा वर येतात. म्हणून जून ते सप्टेंबर गिटार बाहेर टांगून न ठेवतां पिशवींत ठेवावी, आंत ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्या टाकाव्या, आणि त्या वेळोवेळीं बदलाव्या किंवा वाळवाव्या. बाहेरच्या भिंतीला ती टेकवूं नये. मे महिन्यांत बंद मोटारींत तर मुळींच ठेवूं नये, उन्हाच्या तापानें गोंद सुटतो. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्यानें तारा पुसाव्या. खाऱ्या हवेंत आणि हाताच्या घामानें त्या लवकर गंजतात. गंजलेल्या तारा बेसूर होतात, बोटें कापतात आणि पडदे झिजवितात. त्या बदलण्यांत कंजूषपणा करूं नये.

आतां शेवटची विनंती. गायनमंडळांत वाद्याची पारख असलेली दोन-तीन वडीलधारी मंडळी आहेत. त्यांनीं दर महिन्याच्या पहिल्या शनिवारीं संध्याकाळीं सभागृहांत बसण्याचें मान्य केलें आहे. ज्यांना नवी गिटार घ्यावयाची आहे त्यांनीं आपली रक्कम मनमोकळेपणानें सांगून त्यांचा सल्ला घ्यावा. थोड्या रकमेची लाज बाळगूं नये. आणि ज्यांच्या घरीं कपाटावर जुनी गिटार पडून आहे, त्यांनीं ती धूळ झटकून घेऊन यावी. तिच्यांतील दोष दुरुस्त होणारा आहे कीं नाहीं, तें आपण तेथें पाहूं. असला तर दुरुस्तीचा खर्च गायनमंडळाच्या निधींतून करूं. मात्र गिटार एकटी आणूं नका. "मला सूर नाहीं" म्हणून ज्यानें ती वर चढविली, त्यालाही बरोबर आणा. कोणत्या दोघांपैकीं दुरुस्तीची गरज कोणाला होती, तें त्याच्या देखत ठरूं द्या.